जाहीरनाम्यातले ‘सर्व’

८ ऑगस्ट २०१५. सिॲटलच्या वेस्टलेक पार्कमध्ये हजारो माणसं जमली होती, निमित्त सोशल सिक्युरिटी (म्हातारपणीचं सरकारी निवृत्तिवेतन) आणि मेडिकेअर (वृद्धांचा सरकारी आरोग्यविमा) यांच्या वर्धापनदिनाचं. डेमोक्रॅटिक पक्षाकडून अध्यक्षपदाची उमेदवारी मागणारे पुरोगामी सिनेटर बर्नी सँडर्स माइकपाशी आले, आभाराचे दोन शब्द बोलले, आणि तेवढ्यात ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’च्या दोन कृष्णवर्णीय तरुणी मंचावर चढल्या. फर्ग्युसनमध्ये पोलिसाच्या गोळीनं मायकेल ब्राउन हा कृष्णवर्णीय तरुण गेला त्याला दुसऱ्या दिवशी वर्ष होणार होतं. त्याच्यासाठी साडेचार मिनिटं शांतता पाळा, अशी त्यांची मागणी होती. गर्दीतून हुर्यो उठली. सँडर्स बाजूला हात बांधून उभे राहिले आणि शेवटी भाषण न करताच, लोकांशी हात मिळवत निघून गेले.

अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर त्या रात्री एकच सूर होता. बिचारा म्हातारा, ज्यांच्यासाठी घसा कोरडा करतोय त्यांनीच त्याचा माइक हिसकावला. १९६३ साली शिकागोत शाळांमधल्या वर्णभेदाविरुद्ध निदर्शनं करताना अटक झालेला माणूस हा! याला सोडून दुसऱ्या कुणाला जाब विचारायचा होता तर विचारायचा. त्या चर्चेत एका गोष्टीकडे कुणाचंच लक्ष गेलं नाही. माझंही नंतरच गेलं. त्या दिवशी वाढदिवस नेमका कोणाचा चालला होता?

सोशल सिक्युरिटीचा कायदा १९३५ चा. रूझवेल्टच्या ‘न्यू डील’चा मुकुटमणी. म्हातारपणी प्रत्येक कष्टकऱ्याला निवृत्तिवेतन. त्यातून वगळलेल्यांत दोन मोठे गट होते, शेतमजूर आणि घरकामगार. कायद्यात ‘काळा’ हा शब्द कुठेही नाही. शोधून सापडणार नाही. पण त्या काळी या देशातल्या कृष्णवर्णीय कामगारांपैकी साधारण दोन-तृतीयांश याच दोन कामांत होते. दक्षिणेत तर त्याहून जास्त. हे दक्षिणेतल्या गोऱ्या खासदारांनी मुद्दाम घडवलं की वसुलीची सोय बघून झालं, यावर इतिहासकार अजून भांडतात. दुसऱ्याच्या कापसाच्या रानात उभा जन्म घातलेल्याला त्या वादाचं काय? पेन्शन नव्हती एवढं खरं. या दोन्ही कामांना कायद्यात जागा मिळायला १९५० चं दशक उजाडावं लागलं.

दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठीचा ‘जी. आय. बिल’ही तसाच. कागदावर सर्व सैनिक समान. १९४७ साली मिसिसिपीत या योजनेखाली घर, धंदा आणि शेतीसाठी तीन हजार दोनशेच्या वर कर्जं मंजूर झाली. त्यातली कृष्णवर्णीय सैनिकांना मिळालेली कर्जं दोन. दोन टक्के नव्हेत. दोन.

तेव्हा ‘सर्वांसाठी’ असं कुणी म्हटलं की इथल्या कृष्णवर्णीय घरांतली म्हातारी माणसं चष्मा चढवून खालची बारीक अक्षरं वाचतात. यात मला काही आडमुठेपणा दिसत नाही.

मी साउथ कॅरोलायनातल्या कोलंबियात राहतो. (आंबेडकर शिकले ते कोलंबिया न्यूयॉर्कचं. गावाकडून येणारा प्रत्येक पाहुणा हे विचारतोच.) रुग्णालयांची बिलं आणि विमा यांच्या सॉफ्टवेअरमध्ये माझी नोकरी. तिथे बिलिंगच्या टेबलावर एक कृष्णवर्णीय बाई होत्या, आता निवृत्त झाल्यात. पहिल्या नावाला ‘मिस’ लावून हाक मारायची ही इथली रीत, म्हणून आमच्या सगळ्यांच्या त्या ‘मिस’. मला त्या ‘बेबी’ म्हणतात. या भागात सत्तरीची बाई पन्नाशीच्या पुरुषालाही बेबीच म्हणते.

२०१६ च्या फेब्रुवारीत मी त्यांना उत्साहानं सँडर्स यांचा आरोग्यविम्याचा कार्यक्रम समजावून सांगत होतो. आम्ही दोघं दिवसभर विमा कंपन्यांचे नकार टाइप करणारी माणसं, तेव्हा त्यांना तो पटायला वेळ लागणार नव्हता, आणि लागलाही नाही. “चांगलं आहे, बेबी,” त्या म्हणाल्या. “पण हे कार्ड मी दाखवू कुठे?” त्यांचं माहेर बामबर्ग काउंटीत. तिथलं रुग्णालय २०१२ मध्ये बंद पडलं होतं. शेजारच्या बार्नवेलचंही २०१६ च्या सुरुवातीलाच गेलं. मेडिकेडचा, म्हणजे गरिबांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याचा, विस्तार राज्यांच्या मर्जीवर सोडणारा सुप्रीम कोर्टाचा निकालही २०१२ चाच, आणि आमच्या राज्यानं तो विस्तार आजतागायत स्वीकारलेला नाही. जॉर्जिया, अलाबामा, मिसिसिपी, टेनेसी यांनीही नाही. कृष्णवर्णीय वस्ती जिथे दाट तिथेच नेमकं हे भोक.

मग पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, म्हणजे प्रायमरीत, त्यांनी मत दिलं हिलरी क्लिंटनना. राज्यातल्या दर दहा कृष्णवर्णीय मतदारांपैकी आठ-नऊ जणांनी तेच केलं.

यावर पुरोगामी मंडळींची ठरलेली समजूत अशी, की कृष्णवर्णीय मतदार मुळात सावध, चर्चला जाणारे, आर्थिक क्रांतीचं त्यांना वावडं. हे मला कधीच पटलं नाही. आर्थिक कार्यक्रम या समाजानं कुणाकडून उसना घेतलेला नाही. १९६३ चा वॉशिंग्टनचा मोर्चा सगळ्या जगाला एका भाषणामुळे आठवतो, पण त्याचं नाव ‘रोजगार आणि स्वातंत्र्यासाठी मोर्चा’ असं होतं. मागण्यांच्या यादीत तासाला दोन डॉलर किमान वेतन होतं, बेकारांसाठी सरकारी रोजगार होता. आणि त्याच यादीत, दोन ओळींच्या अंतरावर, आणखी एक मागणी होती: किमान वेतनाच्या कायद्यातून आजवर वगळलेली सगळी कामं त्यात घ्या. म्हणजे योजना सर्वांसाठी मागायची आणि तिची भोकंही त्याच कागदावर बुजवून मागायची. मोर्चाचे म्होरके ए. फिलिप रँडॉल्फ आयुष्यभर रेल्वेच्या शयनयानांतल्या कृष्णवर्णीय सेवकांची युनियन चालवलेले गृहस्थ. कुठल्या कलमातून माणूस गळतो हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

१९८८ मध्ये जेसी जॅक्सन, आमच्याच राज्यातल्या ग्रीनव्हिलचे, अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले ते आयोवाच्या गोऱ्या शेतकऱ्यांचं कर्ज आणि विस्कॉन्सिनच्या गोऱ्या कामगारांच्या नोकऱ्या यांवर बोलत. व्हरमाँटसारख्या जवळजवळ गोऱ्या राज्यात ते जिंकले. तिथे त्यांना पाठिंबा देणाऱ्यांत बर्लिंग्टनचे महापौर होते, बर्नी सँडर्स नावाचे.

हे वाचताना मला मुंबईतला १९२८ चा गिरणी संप आठवतो. गिरणीत साचाखात्यात, म्हणजे विणकामात, पगार चांगला. पण अस्पृश्य कामगारांना तिथे मज्जाव, कारण धोट्यात नवी कांडी भरली की धागा भोकातून तोंडानं ओढून घ्यावा लागे, आणि सवर्ण कामगारांना तो धोटा बाटलेला वाटे. आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना सांगितलं, हे खातं आमच्या माणसांना खुलं करण्याची मागणी यादीत घाला, नाहीतर आमचा पाठिंबा गृहीत धरू नका. पुढाऱ्यांनी ती नाखुशीनं घातली. मालकांकडे यादी गेली तेव्हा मालक म्हणाले, हा अन्याय असेलही, पण तो आम्ही केलेला नाही! मालकांचं म्हणणं खोटं नव्हतं, हीच त्यातली मेख. शत्रू एक, मोर्चा एक, घोषणा एक, आणि तरी एकाच्या तोंडचा धागा दुसऱ्याला चालत नाही. १९४६ मध्ये आंबेडकरांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉय यांना पत्र लिहून अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. मला वाटतं, दोघं समोरासमोर भेटले असते तर या धोट्याची गोष्ट ड्यू बॉय यांना समजावून सांगावी लागली नसती.

आता २०२० कडे येतो, कारण तिथे माझा स्वतःचा हिशेब चुरगळतो.

तोवर पुरोगामी उमेदवारांनी २०१५ चा धडा गिरवला होता. सिॲटलच्या सभेनंतर लगेचच सँडर्स यांच्या मोहिमेनं वांशिक न्यायाचा स्वतंत्र कार्यक्रम जाहीर केला होता. २०२० पर्यंत त्यात जामिनासाठी रोख रक्कम भरण्याची पद्धत रद्द करण्यापासून ऐतिहासिक कृष्णवर्णीय विद्यापीठांच्या निधीपर्यंत सगळं आलं. दुसऱ्या पुरोगामी उमेदवार एलिझाबेथ वॉरन तर प्रत्येक दुखण्यावर आराखडा घेऊन उभ्या. जुन्या काळी सरकारी नकाशांवर लाल रेघ मारून ज्या वस्त्यांना गृहकर्ज नाकारलं गेलं, तिथल्या पहिल्यांदा घर घेणाऱ्यांना मदत. बाळंतपणात मरणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी रुग्णालयांना वेगळ्या अटी. हा शेवटचा मुद्दा नुसत्या विम्यानं सुटणारा नाही. अमेरिकेत बाळंतपणात गोऱ्या स्त्रीच्या तुलनेत कृष्णवर्णीय स्त्री मरण्याचं प्रमाण जवळपास तिप्पट आहे, आणि शिक्षण-पैसा वाढला तरी ती दरी बुजत नाही. २०१७ मध्ये बाळंत झालेल्या सेरेना विल्यम्सना फुप्फुसात गुठळी झाल्याचं स्वतःच ओळखून, सी.टी. स्कॅन करा म्हणून हट्ट धरावा लागला होता. तिच्याकडे विमा नव्हता असं कुणी म्हणणार नाही.

म्हणजे ‘आमचं वेगळं दुखणं कुठे लिहिलंय’ या प्रश्नाला त्या वर्षी उत्तर होतं, तेही पानंच्या पानं. निकाल काय लागला? २९ फेब्रुवारी २०२० ला साउथ कॅरोलायनाच्या प्रायमरीत वॉरन यांना सात टक्के मतं. नुकसानभरपाईला, म्हणजे गुलामगिरीच्या भरपाईला, उघड पाठिंबा देणाऱ्या आणि राज्यात पाण्यासारखा पैसा ओतणाऱ्या अब्जाधीश टॉम स्टायरना अकरा. सँडर्सना वीसच्या आसपास. आणि ज्यांनी १९९४ चा गुन्हेगारीविरोधी कायदा लिहायला हातभार लावला, ज्या कायद्यावर तुरुंग भरल्याचा ठपका आहे, त्या जो बायडेन यांना अट्ठेचाळीसच्या वर. कृष्णवर्णीय मतदारांत दहापैकी सहा.

तीन दिवस आधी आमच्या राज्यातले कृष्णवर्णीय खासदार जिम क्लायबर्न यांनी बायडेनना पाठिंबा दिला होता. “आम्ही जो ला ओळखतो. पण त्याहून महत्त्वाचं, जो आम्हाला ओळखतो,” हे त्यांचं वाक्य तेव्हा इथे दिवसभर टीव्हीवर वाजत होतं. माझे पुरोगामी मित्र त्यावर वैतागले: ओळख म्हणजे काय कार्यक्रम आहे का?

मला ते वाक्य तेव्हाही भाबडं वाटलं नाही. आमच्या मिसना विचारलं तर त्यांनी वॉरनबाईंचं तोंडभरून कौतुक केलं. “हुशार आहे. सगळं लिहून आणलंय.” मग म्हणाल्या, “पण मला एक सांग, पेनसिल्व्हेनियातली गोरी माणसं हिला मत देतील?” त्यांचा हिशेब दुहेरी होता. जाहीरनामा आपल्यासाठी चांगला आहे का, हा पहिला प्रश्न. आणि जे लोक आपल्याला शेजारी नांदू द्यायला तयार नव्हते ते लोक तो कितपत चालवून घेतील, हा दुसरा. पहिल्यात शंभर गुण मिळाले तरी दुसऱ्यात नापास होणारा उमेदवार त्यांच्या लेखी धोका होता, कारण हरलं की सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त भरडलं जायचं ते यांनी. त्यांच्या नातवाचा हिशेब वेगळा. तो सँडर्सचा. तिशीच्या आतल्या कृष्णवर्णीय मतदारांत सँडर्स यांचा जोर कितीतरी जास्त होताच. त्यामुळे ‘कृष्णवर्णीय मतदारांना काय हवंय’ असं एकवचनी विचारणारा माणूस दिसला की मला आधी विचारावंसं वाटतं, घरातल्या कोणाला?

क्लायबर्न यांना जुनाट पक्षपुढारी म्हणून हिणवलं जातं. पण या सगळ्या वादात मला सर्वांत कामाची वाटलेली गोष्ट त्यांचीच आहे, आणि तिच्याबद्दल कुणी सभेत घोषणा देत नाही. तिचं नाव दहा-वीस-तीस. सरकारी योजनेतला किमान दहा टक्के पैसा अशा काउंट्यांत गेला पाहिजे, जिथे वीस टक्के किंवा जास्त लोक तीस वर्षांहून अधिक काळ दारिद्र्यरेषेखाली आहेत. बस. यात वर्णाचा उल्लेख नाही. अ‍ॅपलाचियाच्या डोंगरातल्या गोऱ्या, गरीब काउंट्या यात येतात. पण आय-९५ महामार्गालगतचे आमच्या राज्यातले कृष्णवर्णीय जिल्हेही येतातच, कारण तीस वर्षांचं दारिद्र्य आपोआप तिथे नेऊन पोचवतं. २००९ च्या मंदीनंतरच्या मदत कायद्यात ग्रामीण विकासाच्या काही निधीला हे सूत्र लागू झालं. पाटाचं पाणी कुणाच्या वावरात जाणार हे दारं कुठे बसवलीत त्यावर ठरतं. क्लायबर्न यांनी दारांबद्दल भांडण केलं.

आणि उघड नाव घेऊन दिलेल्या मदतीचं काय होतं, तेही याच काळात दिसलं. १९२० मध्ये या देशात नऊ लाखांवर कृष्णवर्णीय शेतकरी होते. आज पन्नास हजारांच्या आत. कर्ज नाकारणं, उशिरा देणं, जप्ती या भेदभावाबद्दल सरकारनं १९९९ मध्ये खटल्यात तडजोड करून भरपाईही दिली होती. २०२१ मध्ये बायडेन सरकारच्या मदत कायद्यात कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्याक शेतकऱ्यांची सरकारी कर्जं फेडण्यासाठी सुमारे चार अब्ज डॉलर ठेवले. पुरोगाम्यांनी मागावं आणि मिळावं, असं हे दुर्मीळ उदाहरण. गोरे शेतकरी कोर्टात गेले. जून उजाडेपर्यंत न्यायाधीशांनी वाटप थांबवलं. कारण, वर्ण पाहून मदत देणं हे समान संरक्षणाच्या तत्त्वाविरुद्ध. हे तत्त्व घटनेत आलं १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीनं, जी मुळात गुलामगिरीतून सुटलेल्यांच्या रक्षणासाठी केली होती! २०२२ मध्ये संसदेनं ती तरतूद रद्दच केली आणि तिच्या जागी भेदभाव सोसलेल्या कुणाही शेतकऱ्यासाठी वर्णाचं नाव न घेणारा २.२ अब्जांचा निधी ठेवला. त्याचे पैसे २०२४ मध्ये वाटले गेले.

आपल्याकडे आरक्षणावर कितीही रण माजलं तरी मागासलेल्यांसाठी खास तरतूद करायची मुभा घटनेनंच पंधराव्या-सोळाव्या कलमात दिली आहे. इथल्या पुरोगाम्यांच्या पायाखाली ती जमीन नाही. म्हणून २०२४ च्या ऑक्टोबरात कमला हॅरिस यांनी कृष्णवर्णीय पुरुषांसाठी खास कार्यक्रम जाहीर केला, तेव्हा त्यातली वीस हजार डॉलरपर्यंतची माफ होणारी दहा लाख कर्जं ‘कृष्णवर्णीय उद्योजक आणि इतरांना’ मिळणार होती. ‘आणि इतर’ हे दोन शब्द वकिलांनी घातले असणार. जाहीरनामा आपल्यासाठी म्हणून छापायचा आणि त्यातून कोर्टासाठी पळवाटही ठेवायची, ही कसरत मतदारांना दिसत नाही असं समजणं भोळेपणाचं आहे. त्या निवडणुकीत कृष्णवर्णीयांची बहुतेक मतं हॅरिस यांनाच पडली, पण आधीइतकी नाही. विशेषतः पुरुषांची.

माझं मत विचाराल तर पुरोगामी जाहीरनाम्यांत कृष्णवर्णीयांचे प्रश्न येतात, आता बऱ्यापैकी येतात, पण ते शहरातून लिहिलेले असतात. पोलीस, तुरुंग, विद्यापीठ. ते खरेच आहेत. पण मिसच्या घरी जेवणाच्या टेबलावर मी सर्वांत जास्त वेळ काय ऐकलं असेल तर जमिनीचं भांडण. पणजोबांनी घेतलेली जमीन, मृत्युपत्र न करता गेलेले, म्हणून आज सगळ्या वारसांची सामाईक. मी बार्शीचा, मला एका वाक्यात कळलं. उताऱ्यावर नावांची रांग, निम्मे मुंबई-पुण्याला, फाळा भरणारा एकच आणि हिस्सा मागणारे सगळे. इथे याचा गैरफायदा बिल्डरांनी असा घेतला, की दूरच्या एखाद्या वारसाचा चिमूटभर हिस्सा विकत घ्यायचा, कोर्टात वाटप मागायचं, आणि तुकडे पडत नाहीत म्हणून सगळ्या जमिनीचा लिलाव करून ती कवडीमोलानं उचलायची. हिल्टन हेडसारख्या बेटांवर आज गोल्फची मैदानं आहेत तिथे कितीतरी जमीन पूर्वी गल्ला-गीची, म्हणजे किनाऱ्यावरच्या गुलामांच्या वंशजांच्या, कुटुंबांची होती. त्यातून मालकीचा स्वच्छ कागद नाही म्हणजे शेतीकर्ज नाही, वादळानंतर घर दुरुस्तीची सरकारी मदत मिळवताना मारामार.

यावर आमच्या राज्यात कायदा झाला २०१६ मध्ये. बाकीच्या वारसांना आधी, मूल्यांकनाच्या भावानं, तो हिस्सा घेण्याचा हक्क मिळाला. कायद्याला नाव दिलंय क्लेमेंटा पिंकनी यांचं, चार्ल्स्टनच्या मदर इमॅन्युएल चर्चमध्ये जून २०१५ मध्ये एका गोऱ्या वर्णद्वेष्ट्यानं गोळ्या घातलेल्या नऊ जणांपैकी एक, चर्चचे पाद्री आणि राज्याचे सिनेटर. विधिमंडळात बहुमत रिपब्लिकनांचं होतं, गव्हर्नर निकी हेली. पुरोगामी लाट वगैरे काही नव्हती. हे मी पुरोगाम्यांना चिमटा म्हणून सांगत नाहीये; थोडासा म्हणूनही सांगतोय.

गेल्या वर्षी मिसच्या घरच्यांनी अखेर एक वकील धरली आणि सगळ्या वारसांची व्हिडिओवर बैठक लावली. कॉम्प्युटर जोडून द्यायला मला बोलावलं होतं, त्यामुळे कोपऱ्यात बसून ऐकलं. अटलांटाची मावशी म्हणाली कर मी भरलाय, ब्रुकलिनच्या भाच्यानं विचारलं पावती कुठे आहे, बार्शीपेक्षा फक्त भाषा वेगळी. डेट्रॉइटचा एक चुलतभाऊ, पक्का सँडर्सवाला, सामुदायिक मालकी, भांडवलशाही आणि भरपाई यांवर फार छान बोलत होता. मला त्याचा शब्द न् शब्द पटत होता. मिसनी दहा मिनिटं ऐकून घेतलं.

“बरोबर आहे तुझं,” त्या म्हणाल्या. “आधी कागदावर सही करून पाठव. क्रांती आपण त्यानंतर करू.”

त्याची सही आलीय. ब्रुकलिन आणि अटलांटाची अजून बाकी आहे.